अमॉक्सिसिलिन आणि अझिथ्रोमायसिन : तुलना कशाची, कोणासाठी?

घसा धरला, ताप चढला, मुलाचा कान ठणकू लागला की दोन नावे हमखास पुढे येतात. एक अमॉक्सिसिलिन, मोठ्यांसाठी बहुधा क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाच्या जोडीने, केमिस्टच्या काउंटरवर ‘सिक्स ट्वेंटी फाइव्ह’ म्हणून ओळखले जाणारे. दुसरे अझिथ्रोमायसिन, पाचशे मिलिग्रॅमच्या तीन किंवा पाच गोळ्यांची छोटी स्ट्रिप. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ही औषधे विकू नयेत असा नियम आहे, तरी दोन्ही नावे घराघरांत पाठ आहेत. मग प्रश्नही ठरलेला : यातले जास्त पॉवरचे कोणते? असे विचारले तर उत्तर देता येत नाही. अँटिबायोटिकची ताकद त्या औषधाच्या एकट्याच्या अंगी नसते. आजार कोणता, जंतू कोणता, माणूस कोण, मुलूख कोणता आणि मात्रा किती हे सांगितल्यावरच ती मोजता येते. पाठ्यपुस्तके बहुधा इथवर येऊन थांबतात. मला त्यापुढचे सांगायचे आहे. अझिथ्रोमायसिनची सोय आणि त्याची समाजाला पडणारी किंमत या दोन्ही गोष्टी एकाच गुणधर्मातून निघतात. अमॉक्सिसिलिनची गैरसोय आणि त्याचा टिकाऊपणाही तसाच एका ठिकाणाहून येतो. म्हणून या दोघांची तुलना समोरच्या रुग्णाचा ताप उतरला की संपत नाही. ती त्याच्या पुढच्या आजारापर्यंत आणि त्याच्यानंतर येणाऱ्या रुग्णापर्यंत न्यावी लागते. तशी नेली की नेहमीच्या संसर्गांत, जिथे अँटिबायोटिक खरोखर लागते तिथे, जुने आणि स्वस्त अमॉक्सिसिलिन पुढे येते आणि अझिथ्रोमायसिन जपून ठेवण्याजोगे औषध ठरते.

दोघांची कुळे वेगळी आहेत. अमॉक्सिसिलिन पेनिसिलिनच्या घरातले. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ साली लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात बुरशीभोवतीचे जंतू विरघळलेले दिसले, पण त्या निरीक्षणाचे औषध झाले ते ऑक्सफर्डमध्ये, फ्लोरी, चेन आणि हीटली यांच्या हातून, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत. स्वातंत्र्यानंतर भारताने हे औषध स्वतः बनवायचे ठरवले, तेव्हा त्यासाठी जागा निवडली गेली ती पुण्याजवळची पिंपरी. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने १९५४ साली तिथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी उभी राहिली. मूळ पेनिसिलिनला मर्यादा होत्या. पोटातल्या आम्लात ते टिकत नसे, त्यामुळे इंजेक्शन घ्यावे लागे. आणि त्याचा मारा ठरावीक जंतूंवरच चाले. बीचम कंपनीच्या संशोधकांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस पेनिसिलिनचा गाभा वेगळा काढला आणि त्याला हव्या त्या बाजूच्या साखळ्या जोडण्याची वाट खुली झाली. त्या वाटेने १९६१ साली अँपिसिलिन आले आणि १९७२ साली अमॉक्सिसिलिन. दोघांत फरक फक्त एका हायड्रॉक्सिल गटाचा, पण तेवढ्याने औषध आतड्यातून कितीतरी चांगले शोषले जाऊ लागले. तोवर काही जंतूंनी पेनिसिलिन तोडणारे विकर, बीटा-लॅक्टमेज, बनवण्यात चांगलीच मजल मारली होती. त्या विकराला अडकवून ठेवणारे क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल सोबत घालून १९८१ साली ऑगमेंटिन बाजारात आले. ‘सिक्स ट्वेंटी फाइव्ह’ हा आकडा तिथला आहे : पाचशे मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन आणि सव्वाशे मिलिग्रॅम क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल.

हा सव्वाशेचा हिशेब क्षणभर जवळून पाहण्यासारखा आहे. क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल स्वतः जंतू मारण्याचे काम जवळजवळ करत नाही; ते फक्त विकराला रोखते. घसा दुखवणारा स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिस किंवा न्यूमोनियाचा नेहमीचा जंतू न्यूमोकॉकस हे विकर बनवतच नाहीत. म्हणजे निव्वळ स्ट्रेप्टोकॉकसने घसा सुजला असेल तर सहाशे पंचवीसच्या गोळीतले वरचे सव्वाशे काहीही उपयोगाचे नाहीत. जुलाब, मळमळ आणि क्वचित यकृताला होणारी इजा यांचा मोठा वाटा मात्र त्या सव्वाशेकडेच जातो. पाचशेपेक्षा सहाशे पंचवीस मोठे, म्हणून जास्त पॉवरचे, ही समजूत किती महाग पडते ते इथे कळते.

अझिथ्रोमायसिनचे मूळ मातीत. फिलिपाइन्समधल्या इलोइलो भागातून आलेल्या मातीच्या नमुन्यातल्या जिवाणूपासून एरिथ्रोमायसिन मिळाले आणि १९५२ साली ते वापरात आले. पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्यांसाठी तो मोठाच आधार होता, पण पोटातल्या आम्लात त्याचेही विघटन होई आणि पोट ढवळून निघे. झाग्रेबच्या प्लिव्हा कंपनीत, त्या वेळच्या युगोस्लाव्हियात, १९८० साली संशोधकांनी त्या रेणूच्या कड्यात एक नत्राचा अणू बसवला. चौदा अणूंचे कडे पंधराचे झाले. एवढ्या बदलाने औषध आम्लात टिकू लागले, पेशींत खोल शिरू लागले आणि शरीरात कित्येक दिवस राहू लागले. पुढे फायझरने प्लिव्हाकडून हक्क घेतले, १९९१ साली अमेरिकेत मंजुरी मिळाली, आणि थोड्याच वर्षांत हे जगातल्या सर्वाधिक खपाच्या अँटिबायोटिकांत जाऊन बसले. एका छोट्या देशातल्या प्रयोगशाळेचे हे यश मोठे आहे, आणि पुढे मी या औषधाच्या वापराविरुद्ध जे लिहिणार आहे ते औषधाच्या विरोधात नाही.

दोघांचे काम करण्याचे मार्ग वेगळे. अमॉक्सिसिलिन जिवाणूची भिंत बांधू देत नाही. भिंत अर्धवट राहिली की जिवाणू फुटून मरतो. अझिथ्रोमायसिन जिवाणूच्या रायबोसोमला चिकटते आणि प्रथिने बनवण्याचे काम थांबवते. त्यात जिवाणू बहुधा लगेच मरत नाही, त्याची वाढ खुंटते आणि उरलेले काम शरीराची प्रतिकारशक्ती करते. यावरून काही जण लगेच अमॉक्सिसिलिनला गुण देतात, पण ते घाईचे आहे. मायकोप्लाझ्मा या जंतूला भिंतच नसते. त्याच्यापुढे अमॉक्सिसिलिन कितीही दिले तरी व्यर्थ. लिजिओनेला हा जंतू पेशींच्या आत दडून वाढतो. तिथे अझिथ्रोमायसिन पोहोचते, अमॉक्सिसिलिन पोहोचत नाही. आणखी महत्त्वाचा फरक वेळेचा आहे. अमॉक्सिसिलिनचे रक्तातले प्रमाण तासा-सव्वातासात निम्मे होते आणि बहुतेक औषध लघवीवाटे निघून जाते. अझिथ्रोमायसिनला निम्मे व्हायला सुमारे ६८ तास लागतात. म्हणून एकाच्या गोळ्या दिवसातून दोन-तीनदा, पाच ते दहा दिवस घ्याव्या लागतात, आणि दुसऱ्याची रोज एक गोळी, तीन दिवस. रुग्णाला दिसतात त्या तीन गोळ्या. गोळ्या संपल्यावर आठवडाभराहून अधिक काळ औषध शरीरात, उतरत्या प्रमाणात, रेंगाळत असते हे कोणाला दिसत नाही. या पुस्तकातल्या अर्ध्याअधिक गोष्टी त्या रेंगाळण्याभोवती फिरतात.

अशा औषधांची तुलना कशी करावी याबद्दल गेल्या पाऊणशे वर्षांत निरनिराळ्या विचारांच्या परंपरा तयार झाल्या. सर्वांत जुनी प्रयोगशाळेची. जंतू वाढवायचे, त्यांच्यावर वाढत्या मात्रेत औषध घालायचे आणि किती कमी औषधात वाढ थांबते ते पाहायचे. आपल्या हातात येणाऱ्या कल्चर रिपोर्टमध्ये औषधांच्या नावांपुढे ‘एस’, ‘आय’, ‘आर’ अशी अक्षरे असतात ती या परंपरेतून आलेली : औषध लागू पडते, वाढीव मात्रेत पडू शकते, पडत नाही. शेजारी आकडेही असतात, आणि वाचणाऱ्याची फसगत तिथे होते. एका औषधापुढे ०.५ आणि दुसऱ्यापुढे ४ असेल तर पहिले आठपट चांगले असे वाटते. तसे नसते. प्रत्येक औषध रक्तात किती चढते, ऊतींत किती मुरते, याच्या संदर्भातच तो आकडा बोलतो. एका औषधाचा आकडा दुसऱ्याच्या आकड्याशी ताडून पाहायचा नसतो. ही उणीव दुसऱ्या परंपरेने भरून काढली. हॅरी ईगल यांनी १९५०च्या सुमारास प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दाखवले की पेनिसिलिनच्या बाबतीत मात्रा किती उंच चढली यापेक्षा औषध जंतूवर किती वेळ पुरेशा प्रमाणात टिकले हे महत्त्वाचे. पुढे विल्यम क्रेग यांच्या पिढीने हे गणित पक्के केले : अमॉक्सिसिलिनसाठी वेळ मोजायचा, अझिथ्रोमायसिनसाठी एकूण मिळालेले औषध. दुपारचा डोस चुकवून रात्री दोन गोळ्या एकदम घेणाऱ्याला अमॉक्सिसिलिन का माफ करत नाही, याचे कारण या गणितात आहे.

तिसरी परंपरा रुग्णांवरच्या चाचण्यांची. तिचा पाया ब्रिटनमध्ये क्षयावर स्ट्रेप्टोमायसिन आजमावणाऱ्या १९४८च्या चाचणीने घातला. औषध तुटपुंजे होते, म्हणून ते कोणाला मिळावे हे चिठ्ठ्यांच्या न्यायाने ठरले. औषध आणि विश्रांती मिळालेल्या ५५ जणांपैकी सहा महिन्यांत चार दगावले, नुसत्या विश्रांतीवरच्या ५२ पैकी चौदा. आधुनिक वैद्यकातला हा मैलाचा दगड सगळे सांगतात. त्याच चाचणीत औषध मिळालेल्या बहुतेकांच्या जंतूंनी काही महिन्यांतच स्ट्रेप्टोमायसिनला दाद देणे सोडले होते, हे मात्र क्वचित सांगितले जाते. तुलनेची रीत आणि प्रतिरोधाचा पुरावा एकाच अहवालातून आपल्या हाती आले, आणि पुढची कित्येक दशके आपण रीत तेवढी घेतली.

चाचण्यांची परंपरा मोठी आहे, तरी या दोन औषधांच्या बाबतीत ती वारंवार चकवते. मंजुरीसाठी केलेल्या बहुतेक चाचण्यांत नवे औषध जुन्यापेक्षा ठरावीक मर्यादेहून जास्त वाईट नाही एवढेच सिद्ध करायचे असते. आता आजार आपोआप बरा होणारा असेल तर काय होईल? बहुतेक मुलांचा कान औषधाविना दोन-चार दिवसांत शांत होतो. अशा आजारात चांगले औषध आणि सुमार औषध दोन्ही सारखीच यशस्वी दिसतात. मार्चंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली कानाच्या संसर्गाच्या संदर्भात हे गणिताने मांडले : यश रुग्णाच्या लक्षणांवरून मोजले की कमकुवत औषधाची कमजोरी झाकली जाते. म्हणून ‘दोन्ही औषधे सारखीच गुणकारी’ असे वाक्य वाचले की पहिला प्रश्न असा विचारावा : औषध न देता किती जण बरे झाले असते? शिकागोच्या एका सरकारी रुग्णालयात खोकल्याच्या साध्या ब्राँकायटिसवर अझिथ्रोमायसिनची तुलना क जीवनसत्त्वाशी केली गेली. २००२ साली निष्कर्ष आले आणि दोन्ही गट सारख्याच वेगाने कामावर परतले होते. युरोपातल्या १२ देशांत न्यूमोनिया नसलेल्या खोकल्याच्या २,०६१ रुग्णांवर अमॉक्सिसिलिन आणि नुसती साखरेची गोळी यांची तुलना झाली. २०१३च्या त्या अहवालातही अमॉक्सिसिलिनचा फायदा नगण्य निघाला आणि मळमळ, जुलाब, पुरळ वाढले. खोकल्याच्या प्रत्येक रुग्णाला ‘या दोनपैकी कोणते’ असे विचारणे म्हणजे तिसरा, आणि बहुधा बरोबर असलेला पर्याय यादीतून आधीच खोडून टाकणे आहे.

मात्रेनेही निकाल फिरतो. लहान मुलांच्या स्ट्रेप्टोकॉकल घसादुखीवरच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा अझिथ्रोमायसिन एकूण ३० मिलिग्रॅम प्रति किलो या हिशेबाने दिलेल्या मुलांत ते नेहमीच्या दहा दिवसांच्या उपचाराहून कमी पडले, आणि ६० मिलिग्रॅम प्रति किलो दिले तिथे सरस ठरले. औषध तेच, आजार तोच. या आजारात घसा बरा होणे हे निम्मेच उद्दिष्ट असते. उरलेले निम्मे म्हणजे ऱ्हुमॅटिक तापाने हृदयाच्या झडपा खराब होऊ नयेत. पेनिसिलिन ते साधते हा पुरावा वायोमिंगच्या वॉरन हवाई तळावरच्या सैनिकांत १९५०च्या आसपास मिळाला. अझिथ्रोमायसिनच्या मागे तसा थेट पुरावा नाही. ज्या देशात आजही तरुण बायका-पुरुष खराब झडपा घेऊन शस्त्रक्रियेच्या रांगेत उभे असतात, त्या देशाने हा फरक हलक्यात घेऊ नये.

सुरक्षिततेचा प्रश्नही ‘कोणासाठी’ असे विचारल्याशिवाय सुटत नाही. टेनेसी राज्यातल्या नोंदींवरून २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या दोन औषधांचीही समोरासमोर तुलना होती. अमॉक्सिसिलिनच्या मानाने अझिथ्रोमायसिन घेणाऱ्यांत दर दहा लाख उपचारांमागे हृदयविकाराचे सुमारे ४७ मृत्यू जास्त आढळले. ज्यांना हृदयविकाराचा धोका मुळातच सर्वाधिक होता त्यांच्यात हा आकडा २४५पर्यंत गेला. दुसऱ्याच वर्षी डेन्मार्कमधल्या तरुण आणि मध्यमवयीन लोकांच्या अभ्यासात पेनिसिलिनच्या तुलनेत असा जास्तीचा धोका दिसला नाही. दोन्ही अभ्यास खरे असू शकतात. हृदयाच्या ठोक्यांची विद्युत लय लांबवण्याचा या औषधाचा गुण निरोगी पंचविशीतल्या माणसात बहुधा निरुपद्रवी, आणि हृदयरोगाची चार औषधे आधीच घेणाऱ्या सत्तरीतल्या माणसात घातक. अमॉक्सिसिलिनकडेही धोका आहे. पेनिसिलिनची खरी ॲलर्जी जीव घेऊ शकते. मात्र ‘मला पेनिसिलिन चालत नाही’ असे सांगणाऱ्यांची रीतसर तपासणी केली की दहापैकी नऊ जणांना ते चालते. लहानपणी विषाणूजन्य तापात उठलेले पुरळ औषधाच्या माथी मारले जाते आणि तो शिक्का जन्मभर पुसला जात नाही.

चौथी परंपरा सर्वांत तरुण, आणि माझ्या मते आज सर्वांत महत्त्वाची. ती विचारते : औषधाने आजाराच्या जंतूचे काय केले ते कळले; बाकीच्या जंतूंचे काय झाले? आपल्या घशात, आतड्यात, कातडीवर कोट्यवधी निरुपद्रवी जिवाणू असतात आणि प्रत्येक गोळी त्यांनाही लागते. बेल्जियममध्ये २२४ निरोगी स्वयंसेवकांना अझिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन किंवा बनावट गोळी देऊन त्यांच्या घशातले स्ट्रेप्टोकॉकस तपासले गेले. २००७ साली आलेल्या त्या अभ्यासात दोन्ही औषधांनी, एकदाच घेतलेल्या कोर्सनंतर, औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंचे प्रमाण झपाट्याने वाढवले आणि ते सहा महिन्यांनंतरही पूर्ववत झाले नव्हते. कारण शोधायला दूर जावे लागत नाही. औषध जेव्हा जंतू थांबवण्याइतके पुरेसे नसते पण दाद न देणाऱ्यांना वरचढ ठरवण्याइतके असते, असा काळ अझिथ्रोमायसिनच्या बाबतीत लांबतो. तीन गोळ्यांची सोय आणि हा काळ यांचे मूळ एकच, ६८ तासांचा तो आकडा. अमॉक्सिसिलिन प्रतिरोध पोसत नाही असे नाही. पण ते लवकर निघून जाते. शिवाय न्यूमोकॉकसने पेनिसिलिनला अंशतः दाद देणे सोडले तरी मात्रा वाढवून त्याला बहुधा नमवता येते. अझिथ्रोमायसिनच्या बाबतीत जंतू आपल्या रायबोसोमची चिकटण्याची जागाच बदलतो. मग मात्रा कितीही वाढवा.

या परंपरेतूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली अँटिबायोटिकांचे तीन गट केले : सहज उपलब्ध असावीत अशी, लक्ष ठेवून वापरावीत अशी, आणि शेवटच्या उपायासाठी राखून ठेवावीत अशी. अमॉक्सिसिलिन, क्लॅव्ह्युलॅनिक आम्लासह किंवा त्याशिवाय, पहिल्या गटात आहे, अझिथ्रोमायसिन दुसऱ्या. भारताच्या खाजगी बाजारातल्या २०१९च्या विक्रीचा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला, त्यात चित्र उलटे दिसते. एकूण वापरापैकी सुमारे ५५ टक्के वाटा दुसऱ्या गटाचा आणि जेमतेम २७ टक्के पहिल्याचा. आणि देशात सर्वाधिक घेतले जाणारे एकच एक उत्पादन होते अझिथ्रोमायसिनची पाचशेची गोळी, एकूण वापराच्या ७.६ टक्के. २०१९च्या पुढच्याच वर्षी कोविड आला. जून ते सप्टेंबर २०२० या चार महिन्यांत भारतात अझिथ्रोमायसिनचे अंदाजे ३.८ कोटी जास्तीचे डोस खपले. ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीने २०२१ साली दाखवले की कोविडच्या दाखल रुग्णांत हे औषध दिलेल्या आणि न दिलेल्या दोन्ही गटांत मृत्यूचे प्रमाण २२ टक्केच होते.

या औषधाची मला काळजी वाटते ती त्याच्या मोलामुळे. विषमज्वराचे जंतू आपल्याकडे सिप्रोफ्लॉक्सासिनला जवळपास जुमानत नाहीत. सिंध प्रांतात २०१६ साली उद्भवलेल्या साथीत तर ते सेफ्ट्रिॲक्सोनलाही पुरून उरले, आणि तोंडाने घेण्याजोगे भरवशाचे औषध एकच राहिले : अझिथ्रोमायसिन. बांगलादेशात त्यालाही दाद न देणारे विषमज्वराचे जंतू सापडले आहेत. स्क्रब टायफसवर ते उपयोगी पडते, आणि गरोदर स्त्रीला तर विशेष. खुपरीने येणाऱ्या अंधत्वाविरुद्ध जगभर एका डोसाच्या मोहिमा चालल्या त्या याच औषधाच्या बळावर. भारतात खुपरी ही सार्वजनिक आरोग्याची समस्या उरली नसल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली मान्य केले. नायजर, मलावी आणि टांझानियात वर्षातून दोनदा सर्व लहान मुलांना एक-एक डोस दिल्यावर बालमृत्यू १३.५ टक्क्यांनी घटले, हा २०१८चा निष्कर्ष अचंबित करणारा आहे. पण नायजरमध्ये मुलांच्या आतड्यांतल्या जंतूंत प्रतिरोध वाढल्याचेही दिसले, आणि म्हणूनच संघटनेने हा उपाय बालमृत्यू अतिशय जास्त असलेल्या भागांपुरता मर्यादित ठेवला. जिथे एका डोसाने मूल वाचते तिथे ही किंमत द्यावी. विषाणूने धरलेल्या घशासाठी ती देणे मला अन्यायाचे वाटते.

यावर आक्षेप येतात आणि ते पोकळ नाहीत. पहिला आक्षेप व्यवहाराचा. रोजंदारीवर जाणारा माणूस दहा दिवस दिवसातून तीनदा गोळी घेत नाही. अर्धवट घेतलेल्या अमॉक्सिसिलिनपेक्षा पूर्ण घेतलेले अझिथ्रोमायसिन बरे. लहान मुलांच्या ड्राय सिरपकडे पाहिले तर या आक्षेपात किती तथ्य आहे ते दिसते. बाटलीत कोरडी भुकटी असते. उकळून गार केलेले पाणी थोडे घालून हलवायचे, मग खुणेच्या रेषेपर्यंत पुन्हा पाणी घालून पुन्हा हलवायचे. रेषेच्या वर पाणी गेले की प्रत्येक चमचा पातळ, खाली राहिले की घट्ट. क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल असलेले सिरप पातळ केल्यावर फ्रीजमध्ये ठेवावे लागते आणि आठवड्यात संपवावे लागते. ज्या घरात फ्रीज नाही तिथे काय करायचे हे लेबलावर नसते. अडचण खरी आहे. पण तिचा इलाज अमॉक्सिसिलिनच सोपे करण्यात आहे, आणि ते होऊ लागले आहे. ब्रिटनमधल्या कॅप-इट चाचणीत न्यूमोनियाच्या मुलांना अमॉक्सिसिलिन तीन दिवस देणे सात दिवसांहून कमी ठरले नाही. स्ट्रेप्टोकॉकल घसादुखीत दिवस दहाच लागतात, तरी दिवसातून एक डोस पुरतो हे अमेरिकन हार्ट असोसिएशनने मान्य केले आहे. पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्यांना फ्रीज लागत नाही.

दुसरा आक्षेप असा की भारतात पेनिसिलिन-कुळाला कोणी जुमानतच नाही, मग अमॉक्सिसिलिनचा आग्रह कशाला? लघवीच्या संसर्गातला ई. कोलाय घेतला तर आक्षेप शंभर टक्के बरोबर. तिथे नुसते अमॉक्सिसिलिन अंदाजाने देणे चूक आहे. पण घसादुखीचा स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिस सत्तर-ऐंशी वर्षांच्या सततच्या वापरानंतरही पेनिसिलिनपुढे टिकलेला नाही, आणि त्याच जंतूने अनेक देशांत अझिथ्रोमायसिनला दाद देणे सोडले आहे. एका जंतूची बदनामी दुसऱ्याच्या हिशेबात धरू नये. तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर. डॉक्टरचे इमान समोरच्या रुग्णाशी. उद्याच्या अनोळखी माणसासाठी आजच्या रुग्णाला कमी सोयीचे औषध का द्यावे? हा प्रश्न मी टाळत नाही. पण त्यात एक गृहीत दडलेले आहे, की प्रतिरोधाची किंमत दुसराच कोणीतरी भरतो. दवाखान्यात येणाऱ्या रुग्णांवरचे अनेक अभ्यास एकत्र करून २०१० साली दाखवले गेले की अँटिबायोटिक घेतलेल्या माणसाच्या स्वतःच्या अंगातल्या जंतूंतला प्रतिरोध बारा महिन्यांपर्यंत टिकून राहू शकतो. पुढच्या पावसाळ्यात न्यूमोनिया झाला तर तेच अंग आणि तेच जंतू. उद्याचा तो अनोळखी माणूस बहुधा आजचाच रुग्ण असतो, किंवा त्याच्या घरातले मूल.

२०१९ साली प्रतिरोधी जिवाणूंमुळे थेट १२.७ लाख माणसे जगभर दगावली. सप्टेंबर २०२४मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत देशांनी ठरवले की २०३०पर्यंत माणसांसाठीच्या अँटिबायोटिक वापरात किमान ७० टक्के वाटा पहिल्या गटातल्या औषधांचा असावा. आपल्या खाजगी बाजाराच्या २७ टक्क्यांपासून ते अंतर किती आहे हे वेगळे सांगायला नको. कायदे आहेत, औषधांच्या पट्टीवर लाल रेघ आहे, आणि २०१४पासून काही अँटिबायोटिकांची विक्री केमिस्टने वेगळ्या वहीत नोंदवून ती वही तीन वर्षे जपायची आहे. नियमांची अंमलबजावणी अपुरी आहेच. पण चिठ्ठी लिहिणाऱ्याच्या आणि मागणाऱ्याच्या मनात ‘पॉवर’ हीच मोजपट्टी असेल तर कडक अंमलबजावणीनेही औषध बदलणार नाही, फक्त ते चिठ्ठीवर मिळू लागेल.

या पुस्तकाचा खटाटोप ती मोजपट्टी बदलण्याचा आहे. ते दोनच औषधांवर लिहिले आहे, कारण दोन औषधे नीट समजली की तिसऱ्याबद्दल काय विचारावे ते कळते; सेफिक्झिम किंवा डॉक्सिसायक्लिन शेवटी आली आहेत ती तेवढ्यासाठीच. घसा, कान, सायनस, फुप्फुसे, पोट आणि त्वचा अशा क्रमाने प्रत्येक आजारात जंतू कोणते, दोन औषधांचा पुरावा किती आणि कोणत्या देशातला, हे इथे सविस्तर येते. पुरावा परदेशातला असेल तिथे तो आपल्याकडे कितपत लागू पडतो याची चर्चा आहे. स्वतः औषध ठरवण्यासाठी हे पुस्तक नाही, आणि म्हणून वजनानुसार मात्रांचे तक्ते मुद्दाम वगळले आहेत. वैद्यकाचे विद्यार्थी, फार्मसीतले लोक, आशाताई, शिक्षक आणि डॉक्टरांपुढे बसून नेमके काय विचारावे हे जाणून घेऊ इच्छिणारे आईबाप असा त्याचा वाचक. प्रत्येक प्रकरणातल्या तुलनेच्या तक्त्यात अमॉक्सिसिलिन आणि अझिथ्रोमायसिन यांच्या आधी एक रकाना आहे : औषधाविना किती जण, किती दिवसांत बरे होतात. जिथे तो आकडा मोठा आहे तिथे उरलेले दोन रकाने सावकाश वाचले तरी चालतील. जिथे तो लहान आहे, न्यूमोनियात किंवा विषमज्वरात, तिथे डॉक्टरकडे जायला एक दिवसही दवडू नये.